मूर्तीच्या बुडाशी नाव हवे

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात मातीचा एक रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, आहे. जेमतेम वीतभर उंचीचा. माडावर चढायला निघालेला, एक पाय माडाच्या पहिल्या खाचेत, दुसरा नुकताच जमिनीवरून उचललेला. कमरेला काश्टी म्हणजे लंगोटी, बाजूला सूर उतरवायचे दुदिणे आणि काती, म्हणजे त्याचा कोयता, पाठीमागे अडकवलेली. काती पाठीमागेच हवी, कारण चढताना माणूस माडाला छातीने भिडलेला असतो. पाते पुढे असेल तर पोटच फाटायचे. मूर्ती हातात घेऊन खालून बघितली की उचललेल्या पावलाचा तळवा दिसतो. त्यावर भेगा कोरल्या आहेत आणि बोटे आत वळली आहेत, खाच शोधत असल्यासारखी. कपाटात ठेवल्यावर हा तळवा कोणालाच दिसत नाही. तरी तो केलेला आहे. ज्याने केला त्याने लहानपणी माडाखाली उभे राहून, मान वर करून, चढणारा रेंदेर पुष्कळदा पाहिला असणार.

किनाऱ्यावरच्या दुकानांत रेझिनचाही रेंदेर मिळतो. त्याच्या हातात पाण्याचे मडके असते आणि काती पोटावर. एका दुकानदाराला विचारले, हे कुठे बनते? तो म्हणाला, "माल भायल्यान येता." बाहेरून येतो. कुठल्या बाहेरून, ते त्यालाही ठाऊक नव्हते.

या दोन रेंदेरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दोन्ही उलटे करून पाहिले तर एका बाबतीत ते अगदी सारखे आहेत. रेझिनच्या रेंदेराच्या बुडाला किमतीची चिकटपट्टी आहे. माझ्या रेंदेराच्या बुडाला भट्टीत फुटू नये म्हणून ठेवलेले भोक आहे. नाव कोणाच्याच बुडाला नाही. मी ती मूर्ती मूर्तिकाराच्या ओसरीवर बसून घेतली म्हणून मला नाव माहीत आहे. माझ्यानंतर या घरात ते कोणालाही माहीत नसेल.

म्हणून सरळच सांगते. गोव्यात घडणाऱ्या प्रत्येक छोट्या मूर्तीच्या बुडाशी ती घडवणाऱ्याचे नाव असायला हवे. आणि सरकारी खात्यांनी, संस्थांनी, देवस्थानांनी, शाळांनी नाव नसलेली मूर्ती विकत घेऊच नये. ही मागणी क्षुल्लक वाटेल. खाणी, जमिनी, म्हादईचे पाणी असे जिवाचे प्रश्न समोर असताना मूर्तीच्या बुडाचे काय घेऊन बसलात, असे मला घरातच ऐकायला मिळाले आहे. पण मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले. या काळात मूर्तिकारांची किती मुले वर्गातून गेली आणि त्यातली किती हा धंदा करतात, हे मला बोटांवर मोजता येते. त्यांनी माती सोडली याला पैसा हे एक कारण आहे. दुसरे कारण बापाचे नाव कुठेच नसणे. ते दुसरे कारण कोणी बोलून दाखवत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका संस्थेचा वर्धापनदिन होता. मी समितीत होते. पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर काचेचे स्मृतिचिन्ह देण्यापेक्षा मातीची मूर्ती द्यावी, हा माझाच आग्रह. घुमट हे वाद्य वाजवणाऱ्या माणसाच्या चाळीस मूर्ती करायच्या ठरल्या. मूर्तिकाराला मी मुद्दाम सांगितले, बुडाला तुमचे नाव घाला. तो हसला. "नांव घालें म्हूण कोण दोन रुपया चड दिता, बाई?" नाव घातले म्हणून दोन रुपये जास्त कोण देतो? पण त्याने घातले. माती अर्धी सुकलेली असताना खिळ्याने कोरून, चाळीसही मूर्तींवर.

कार्यक्रमाच्या दिवशी मूर्ती टेबलावर मांडल्या तेव्हा प्रत्येकीच्या बुडाला हिरवी मखमल चिकटवलेली होती. टेबलाला चरे पडू नयेत म्हणून. आणि मखमलीवर देणगीदाराच्या नावाचा सोनेरी कागद. कोणी दुष्टपणाने केले नव्हते. व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना बुडाला काही कोरले आहे हे दिसलेच नव्हते. दिसले असते तरी मखमल लावलीच असती. मूर्तिकार मागच्या रांगेत बसला होता. चहाच्या वेळी टेबलाजवळ आला, एक मूर्ती उचलली, उलटी केली, मखमलीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिली. बोलला काहीच नाही. त्याच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटली. समितीत मी होते आणि डोळ्यांत तेल घालून बघायचे काम माझे होते.

मखमलीचा तो तुकडा पुढे बराच काळ डोक्यातून जाईना. विचार करता करता जाणवले की ही मखमल आपण फार जुन्या काळापासून लावत आलो आहोत.

मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या लेखांपैकी एक श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी आहे. 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. शाळेत हे वाक्य आपण अभिमानाने पाठ करतो. मीही वर्षानुवर्षे पाठ करून घेतले. त्यातले क्रियापद मात्र मी कधी फोडून सांगितले नाही. करवियले, म्हणजे करवून घेतले. केले नव्हे. एवढा प्रचंड दगड ज्यांनी महिनोन्महिने फोडला, त्या ओठांवर ते हसू आणले, त्यांच्यासाठी त्या वाक्यात जागा नाही. शेजारचे दुसरे वाक्यही तसेच: गंगराजाने सभोवतालचा प्राकार करवियला. आपल्या भाषेतली दगडावरची इतकी जुनी वाक्येही करवून घेणाऱ्याच्याच नावाने.

गणपती घडवणाऱ्या आमच्या चित्रशाळांत आजही तेच चालते. चवथीच्या आधी घरोघरचे पाट चित्रशाळेत पोचतात. प्रत्येक पाटावर घराचे नाव खडूने किंवा रंगाने लिहिलेले असते. त्या पाटावर मूर्तिकार गणपती बसवतो, आणि घरातली माणसे येऊन आपल्या नावाचा पाट उचलून नेतात. हे दृश्य मला अतिशय प्रिय आहे. नावे वाचत चित्रशाळेत उभे राहिले की सगळा गाव पाटांवर मांडल्यासारखा वाटतो. पण त्या सगळ्या नावांत एक नाव नसते. गणपती विसर्जनासाठीच असतो, तिथे सहीचा हट्ट मीही धरणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की ज्या हातांना भाद्रपदात नाव लागत नाही त्यांना उरलेल्या वर्षातही लागत नाही असे आपण धरून चाललो आहोत. चवथ झाली की तेच हात नाताळच्या गोठ्यातल्या आकृत्या करतात, फुगडी घालणाऱ्या बायका करतात, पोदेर म्हणजे पाववाले करतात. या मूर्ती पाण्यात जात नाहीत. त्या विमानाने जातात, परदेशात कोणाच्या तरी फडताळात पन्नास वर्षे राहतात, आणि अनाथ राहतात.

गणेशमूर्तींबद्दलची आपली सार्वजनिक चर्चासुद्धा पाहा. वर्षानुवर्षे आपण माती की प्लास्टर यावर भांडतो. भांडणे रास्तच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२०मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरला नकार दिला, ते योग्यच झाले. पण या सगळ्या चर्चेत मूर्ती कशाची हा प्रश्न आहे, मूर्ती कोणाची हा नाही.

गोव्याला याची शरम इतरांपेक्षा जास्त वाटायला हवी, कारण जगभरच्या संग्राहकांनी जपलेल्या छोट्या मूर्तींचा एक मोठा साठा याच भूमीतून गेला आहे. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या ज्या लहान मूर्ती कोरल्या गेल्या त्या आज लंडन, लिस्बन, बाल्टिमोरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत. त्यांतला सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे 'भला मेंढपाळ'. बाल येशू डोंगराच्या माथ्यावर बसला आहे, गाल हातावर टेकवलेला, डोळे मिटलेले, मांडीवर आणि खांद्यावर कोकरे. खाली डोंगराच्या पायऱ्या, त्यांवर चरणारी मेंढरे, मधून झरा, अगदी तळाच्या गुहेत पहुडलेली संत मारिया माग्दालेना. युरोपात येशू असा डोळे मिटून बसत नाही. ध्यानात बसलेल्या मूर्तींचा शेकडो वर्षांचा सराव ज्या हातांना होता, त्याच हातांनी हा येशू कोरला. त्या कारागिरांत हिंदू होते हे अभ्यासक सांगतात. परधर्मीयांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे हुकूम सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेला पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच ते काम थांबत नव्हते हे कळते. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. तिथे अशा कामांसमोर उभे राहिले की मी पाटी वाचते: हस्तिदंत, शतक सतरावे, भारतीय-पोर्तुगीज. द्रव्य आहे, काळ आहे, शैली आहे. माणूस नाही. संग्रहालयाचा यात दोष नाही. बुडालाच नाव नसेल तर पाटीवर कुठून येणार? एवढी वर्षे मूर्ती टिकली आणि जो घडवत होता तो पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातातच संपला.

यावर ठरलेले उत्तर येते: आपल्या परंपरेत कलाकार नाव लावत नसे, तो आपले काम देवाला अर्पण करीत असे, सही हा पाश्चात्त्य अहंकार आहे. हे उत्तर मी विद्वानांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते खरे नाही. गोमटेश्वराच्या त्याच हासन जिल्ह्यात बेलूरचे मंदिर आहे. बाराव्या शतकातले. तिथल्या मदनिका नावाच्या स्त्रीशिल्पांच्या पायाशी दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांची नावे कोरलेली आहेत, कुठून आले त्या गावासकट. पुढच्या शतकातला मल्लितम्मा तर सोमनाथपूरला मूर्तीमागून मूर्तीवर नाव घालतो. हे भाविकच होते. देवासाठीच घडवत होते. नाव घातल्याने त्यांची भक्ती उणी झाली नाही. ज्या मूर्तिकारांना मी ओळखते त्यांतल्या एकानेही मला कधी 'आम्ही नाव देवाला अर्पण केले' असे सांगितले नाही. हे वाक्य नेहमी दुसराच कोणीतरी त्यांच्या वतीने बोलतो, आणि बोलणाऱ्याचे स्वतःचे नाव लेखाच्या डोक्यावर असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूर्ती एकट्याची नसतेच. माती बाप मळतो, साचा थोरला भाऊ काढतो, कोरणी धाकट्याची, रंग घरातल्या बायकांचे. मग नाव कोणाचे? मला हा आक्षेप पटतो, आणि म्हणूनच मी 'सही' म्हणत नाही, 'नाव' म्हणते. घराचे नाव घाला, दोन नावे घाला, बापलेकांची घाला. दासोज-चावण तसेच होते. रंगवणाऱ्या बाईचे नाव घातले तर मला दुप्पट आनंद होईल, कारण तिचे नाव तर ओसरीवर बसून विचारले तरी कोणी सांगत नाही. डोळे तिनेच उघडलेले असतात तरीही.

जगात या धंद्याने नावाचे गणित कसे सोडवले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी सगळे बरोबर केले म्हणून नव्हे. कुठे चुकले तेही दिसते म्हणून. जर्मनीत माइसेनचा चिनी मातीचा कारखाना १७१०मध्ये सुरू झाला. १७३१मध्ये तिथे योहान कँडलर हा शिल्पकार आला आणि १७७५मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. मेजवानीच्या टेबलांवर पूर्वी साखरेच्या बाहुल्या मांडत, त्यांच्या जागी त्याच्या चिनी मातीच्या मूर्ती आल्या: विदूषक, फेरीवाले, प्रेमिक. बुडाला कारखान्याची खूण, एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. कँडलरचे नाव तिथे नाही. तरी आज कुठली मूर्ती त्याची, हे पुष्कळदा सांगता येते, कारण कोणत्या काळात काय घडवले याच्या नोंदी तो लिहून ठेवत असे. एका वहीने त्याला वाचवले.

इंग्लंडातल्या रॉयल डोल्टनने प्रत्येक नमुन्याला क्रमांक दिला. त्या क्रमांकाआधीची 'एचएन' ही अक्षरे रंगकाम पाहणाऱ्या हॅरी निक्सनच्या नावाची आद्याक्षरे. म्हणजे रंगवणाऱ्या विभागातल्या माणसाचे नाव सगळ्या मालिकेला मिळाले! पहिल्या क्रमांकाची मूर्ती १९१३ची, झोपायच्या झग्यातले लहान मूल, घडवणारा चार्ल्स व्हाइस. क्रमांकावरून शिल्पकार शोधता येतो.

आणि हुम्मेल. बव्हेरियातली बेर्टा हुम्मेल ख्रिस्ती जोगीण झाली, मठात राहून मुलांची चित्रे काढू लागली. १९३५मध्ये गोबेल कारखान्याने त्या चित्रांवरून मूर्ती बाजारात आणल्या. युद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी त्या घरी नेल्या आणि अमेरिकेत संग्रहाचे वेड पसरले. प्रत्येक मूर्तीवर तिची सही कोरलेली असते आणि मठाला त्यातला वाटा मिळत राहिला. एका जोगिणीच्या रेघेला एवढा मान मिळाला हे मला फार मोलाचे वाटते. पण सपाट कागदावरचे मूल मातीत उभे करणारे, त्याची पाठ कशी असेल हे ठरवणारे शिल्पकार वेगळे होते. आर्थर म्योलर, राइनहोल्ड उंगर. ही नावे संग्राहकांच्या सूचीत सापडतात, बुडावर नाहीत. आपल्याकडे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या रेषेतून निघालेली माणसे त्रिमितीत उभी केली जातात, तेव्हा हाच प्रश्न मला पडतो. रेघ मारियोंची, यात वादच नाही; लोटलीच्या त्या घरातून निघालेली रेघ कोणीही शंभर पावलांवरून ओळखेल. पण त्या रेघेला पाठ कोणी दिली? चित्रात जे दिसतच नाही ते कोणी ठरवले?

हुम्मेलच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. एकेकाळी चढ्या भावाने विकल्या गेलेल्या त्या मूर्तींना आज बहुतेक वेळा फारशी किंमत येत नाही, कारण त्या अमाप निघाल्या आणि हौसेने घेणारी पिढी सरली. तेव्हा नाव घातले की भाव वाढेल असे आश्वासन मी कोणत्याही मूर्तिकाराला देत नाही. वाढेलही, नाहीही. नाव हे त्याचे देणे आहे, म्हणून ते द्यायचे.

या बाबतीत सर्वांत पुढे गेले ते जपानी. तिथे कथापात्रांच्या छोट्या मूर्तींचा मोठा धंदा आहे. मूळ नमुना घडवणाऱ्याला 'गेंकेइशी' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि मूर्तीच्या खोक्यावर पात्राच्या मालकाचे नाव जसे असते तसेच नमुना घडवणाऱ्याचेही छापतात. बोमे नावाच्या शिल्पकाराच्या मूर्ती त्याच्या नावावर विकल्या जातात. पात्र कुठले हे दुय्यम. हौशी शिल्पकारांच्या जत्रेत तर एका दिवसाचा परवाना मिळतो: पात्राच्या मालकाला ठरावीक मोबदला द्या आणि त्या एका दिवशी आपली मूर्ती उजळ माथ्याने विका. रेघ ज्याची त्याचाही मान, हात ज्याचा त्याचाही.

माझ्या पुतण्याची मुलगी दहावीत आहे. तिच्या दप्तराला लाबुबू लटकतो, दातवाला, लांब कानांचा. तिने मला सांगितले की तो कासिंग लुंग नावाच्या चित्रकाराने २०१५मध्ये निर्माण केला, तो हाँगकाँगमध्ये जन्मला, नेदरलँड्समध्ये वाढला. बाहुलीच्या पायावर खरी-खोटीची खूण कुठे पाहायची तेही तिला माहीत होते. मला तिचा राग आला नाही. उलट बरे वाटले. वस्तू हातात आल्यावर ती कोणाची हे शोधण्याची बुद्धी तिच्यात आहे. मग मी रेंदेर तिच्या हातात दिला. तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो उलटा करून पाहिला. "आजी, कोणाचा आहे?"

कायदा काय म्हणतो तेही सांगते, कारण आमच्या मूर्तिकारांना तो कोणी सांगत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम असे आहे की कलावंताने आपले हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले प्रचंड ब्राँझ भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकले गेले. ते न्यायालयात गेले आणि २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे उरलेले शिल्प त्यांना परत द्यायला लावले, वर ५ लाख रुपये भरपाई. हा हक्क वीतभर मूर्तीलाही तितकाच लागू आहे. आकाराची अट कलमात नाही.

खरी अडचण दुसऱ्या कलमात आहे. १५वे कलम सांगते की जे डिझाइन म्हणून नोंदवता येते पण नोंदवलेले नाही, त्याच्या औद्योगिक पद्धतीने ५०पेक्षा जास्त प्रती निघाल्या की त्यावरचा कॉपीराइट संपतो. एखादी मूर्ती शिल्प म्हणून कलाकृती ठरते की डिझाइन, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खल चालला आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये त्यासाठी कसोटी घालून दिली. पण डिचोलीच्या कुंभाराने किंवा कुंकळ्ळीच्या चिताऱ्याने ही कसोटी कोणाला विचारायची? व्यापारी त्याच्याकडून एक नमुना घेतो, एकदाच पैसे देतो, रबराचा साचा काढतो आणि हजारो प्रती पाडतो. आता तर साचाही लागत नाही. फोनने चहूबाजूंनी छायाचित्रे घेतली की संगणकात मूर्ती तयार, आणि छपाईयंत्र रात्रभर प्रती काढत बसते. अशा वेळी मूळ कोणाचे हे सिद्ध करायला मूर्तिकाराजवळ काय असते? जुन्या मूर्तीच्या बुडाशी कोरलेले नाव आणि साल असेल, तर निदान बोट ठेवायला जागा तरी राहते.

भौगोलिक मानांकनाने हे होईल असे काही जण म्हणतात. फेणीला ते २००९मध्ये मिळाले, बेबिंका या आमच्या गोड पदार्थालाही मिळाले, चांगलेच झाले. पण मानांकन ही समूहाची मिळकत असते. ते गावाचे नाव राखते, हाताचे नाही. फेणीला ते पुरते. तळवा खालून पाहणाऱ्या माणसाला पुरत नाही.

तेव्हा सुरुवात सरकारी खरेदीपासून व्हावी. गोवा हस्तकला महामंडळाच्या दालनात येणाऱ्या प्रत्येक मूर्तीला नाव, गाव, साल बुडाशी कोरलेले असल्याशिवाय ती मांडणीवर जाऊ नये. यासाठी पैसा लागत नाही, खिळा लागतो. दर वर्षी शेकडो समारंभांत गोवा सरकार मूर्ती भेट देते. तिथेही हीच अट. आणि कँडलरच्या वहीसारखी एक वही हवी: कोणी कुठला नमुना कधी घडवला, छायाचित्रासकट, महामंडळात नोंदवलेली, कोणालाही पाहता येईल अशी. पणजीत आल्तिनोवर १९७२पासून कला महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्यात तालुके वाटून घेतले तर वहीची पहिली शंभर पाने सहज भरतील. मागच्या पिढीतले म्हातारे हात अजून आहेत. दहा वर्षांनी नसतील, तेव्हा घाई आहे.

खोटी नावे पडतील, बाहेरचा माल गोव्याच्या नावाने येईल, ही भीती खरी आहे. येईलच. पण आज नाव नसल्यामुळे खोटे पकडायचीही सोय नाही. वहीत नोंद असेल तर निदान ताडून पाहता येईल.

पणजीत मांडवीच्या काठाला आबे फारियाचा, संमोहनविद्येसाठी ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय पाद्रीचा, पुतळा आहे. संमोहनाच्या त्या आवेशात पुढे झुकलेला, हात पसरलेले, समोर कोसळणारी बाई. पर्यटक त्याच्याखाली हात पसरून फोटो काढतात, वाटाडे फारियाची गोष्ट रंगवून सांगतात: कांदोळीत जन्म, पॅरिसमध्ये कीर्ती. तो पुतळा १९४५मध्ये रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवला. मी जितक्या वेळा तिथे उभी राहिले तितक्यांदा कान देऊन ऐकले आहे. कामतांचे नाव एकाही वाटाड्याच्या तोंडून मी अजून ऐकलेले नाही. राजधानीच्या मध्यावर भर रस्त्यात उभ्या असलेल्या शिल्पाची ही गत, तर फडताळातल्या रेंदेराचे काय?

यंदा त्याच संस्थेने पुन्हा मूर्ती द्यायचे ठरवले आहे. मी समितीत नाही, पण मला बोलावून विचारले. मी एकच अट घातली: बुडाला काहीही चिकटवायचे नाही, चरे पडतील तर टेबलावर चादर अंथरा. देणगीदाराचे नाव पत्रिकेत छापा, मोठ्या अक्षरांत छापा. मान्य झाले. मग मूर्तिकाराकडे गेले. या वेळी पोदेर करायचा आहे, जुन्या काळचा, कबाय म्हणजे लांब झगा घातलेला, हातात घुंगरांची काठी आणि डोक्यावर पावाची पाटी. पहिला नमुना सुकत होता. त्याने उचलून उलटा केला, खिळा घेतला आणि थांबला. आत रंगाच्या वाट्या धुवत बसलेल्या बायकोकडे पाहिले आणि मला विचारले, "बाई, हिचेंय घालूं?"

तिने आतूनच "नाका, नाका" म्हटले. त्याने आधी तिचे नाव कोरले, मग त्याच्याखाली आपले.